सोडून जाणं आणि जाऊन राहणं

अलास्काचा विषय निघाला की भटक्यांच्या गप्पांत दोन नावं हमखास येतात: क्रिस मॅककँडलेस आणि डिक प्रोनेके. दोघांनीही रुळलेलं आयुष्य सोडलं, दोघंही एकटेच रानात गेले. त्यामुळे कौतुकही दोघांचं एकाच तोंडानं होतं, आणि घोळ तिथेच होतो.

मॅककँडलेस १९९० साली अटलांटाच्या एमरी विद्यापीठातून पदवीधर झाला. शिल्लक असलेले सुमारे २४ हजार डॉलर त्यानं ऑक्सफॅम या मदतसंस्थेला देऊन टाकले, नाव बदललं आणि दोन वर्षं भटकला. या त्यागाचं कौतुक जरूर करावं. पण पैसे सोडले म्हणून रान कळत नाही. एप्रिल १९९२ मध्ये साडेचार किलो तांदूळ आणि पॉइंट टू-टूची एक हलकी रायफल घेऊन तो अलास्कातल्या स्टॅम्पीड ट्रेल या वाटेवरून रानात शिरला. तिथं पडून असलेल्या एका जुन्या बसमध्ये राहिला आणि ऑगस्टमध्ये उपासमारीनं गेला. वय २४.

तो वेडा होता की संत, यावर लोक अजून भांडतात. मला मात्र त्या गोष्टीतली नदी सोडवत नाही. कारण जुलैच्या सुरुवातीला हा मुलगा परत निघाला होता! वाटेत टेक्लानिका आडवी आली. आपल्या नद्या पावसानं फुगतात. ही हिमनदीच्या पाण्यावर जगते. एप्रिलमध्ये सहज ओलांडलेलं पात्र जुलैत बर्फ वितळून दुथडी भरलं होतं. तो माघारी बसकडे वळला. नदीनं त्याला अडवलं त्या जागेपासून दीडेक किलोमीटरच्या आत, नदीचं पाणी मोजणाऱ्यांनी तारेवर टांगलेला, हातानं ओढायचा पाळणा होता. चांगल्या नकाशावर ती जागा दिसली असती. त्याच्याकडे तसा नकाशाच नव्हता.

प्रोनेके अलास्कातल्याच ट्विन लेक्स या तळ्यांकाठी घर बांधायला लागला तो १९६८ साली, पन्नाशी ओलांडल्यावर. आधी नौदलात सुतार, मग डिझेल मेकॅनिक. आदल्या उन्हाळ्यातच त्यानं ओंडके तोडून, सोलून वाळत ठेवले होते. बऱ्याच हत्यारांची नुसती पाती नेली, दांडे तिथंच घडवले. दाराच्या बिजागऱ्यासुद्धा लाकडाच्या. मग तीसेक वर्षं तिथं काढली. हवामान आणि जनावरांच्या नोंदी ठेवल्या, चित्रीकरण केलं.

सोवळ्या मंडळींना खटकेल, पण त्याचं सामान आणि पत्रं छोट्या विमानानं यायची. मला यात लबाडी दिसत नाही. जग सोडल्याचा दावा त्यानं मिरवला नव्हता. त्याला त्या तळ्याकाठी राहायचं होतं, आणि राहायचं म्हटलं की पीठमीठ लागतंच.

मागे उरलेल्या दोन्ही वास्तू आता सरकारी देखरेखीत आहेत. प्रोनेकेचं घर लेक क्लार्क राष्ट्रीय उद्यानात जागेवरच उभं आहे. बस मात्र जून २०२० मध्ये हेलिकॉप्टरनं उचलून न्यावी लागली. तिच्या दर्शनाला निघालेल्या दोघींचा, एकीचा २०१० मध्ये आणि दुसरीचा २०१९ मध्ये, त्याच टेक्लानिकात जीव गेला होता, आणि कितीतरी जणांना सोडवून आणावं लागलं होतं.

खरं सांगायचं तर चोविशीत मलाही बसवालाच भावला असता. ओंडके वाळेपर्यंत थांबणारा माणूस त्या वयात कंटाळवाणा वाटतो.