‘छत्तीस टक्के’ आले कुठून?

सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाच्या विश्वासार्हतेवर कुठेही वाद निघाला, की २०१५ चा एक आकडा पुढे केला जातो: मानसशास्त्राचे जुने प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर जमले फक्त ३६ टक्के. शंका त्याआधीची आहे. मानसशास्त्राच्या नियतकालिकांत छापून येणाऱ्या चाचण्यांपैकी सुमारे ९७ टक्के ‘यशस्वी’च, म्हणजे अपेक्षित परिणाम दाखवणाऱ्याच, कशा, हा प्रश्न १९५९ मध्येच विचारला गेला होता. फसलेले प्रयोग ड्रॉवरमध्ये पडून राहतात, हे उत्तरही १९७९ पर्यंत मिळालं होतं. कुणी मनावर घेतलं नाही.

घेतलं ते २०११ मध्ये. माणसाला भविष्याची चाहूल लागते, असं ‘दाखवणारे’ नऊ प्रयोग एका मातब्बर नियतकालिकाने छापले. त्याच वर्षी नेदरलँड्समधला एक नामांकित प्राध्यापक आकडे रचताना सापडला. पहिली घटना जास्त गंभीर, कारण त्या प्रयोगांत प्रचलित पद्धतीच वापरल्या होत्या, म्हणजे शंका पद्धतींवरच येत होती.

मग २७० संशोधकांनी मानसशास्त्राचे १०० प्रयोग पुन्हा केले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्के सांख्यिकीदृष्ट्या सार्थ (म्हणजे निव्वळ योगायोगाने सहसा न येणारे) होते, फेरप्रयोगांत ३६ टक्के. पण ‘जमलं’ कशाला म्हणायचं? मूळ परिणाम फेरप्रयोगाच्या ९५ टक्के विश्वासांतरात (खरा आकडा जिथे असण्याची अपेक्षा असते त्या पट्ट्यात) बसतो का, असं पाहिलं तर ४७ टक्के. प्रयोग करणाऱ्यांचं स्वतःचं मत धरलं तर ३९. जुने-नवे आकडे एकत्र करून परिणाम सार्थ उरतो का ते पाहिलं तर ६८. हे सगळे आकडे त्यांच्या २०१५ च्या निबंधातच आहेत. बातम्यांनी नेमका सर्वांत खालचा उचलला. पुढच्याच वर्षी टीकाकारांनी फेरप्रयोग मुळाबरहुकूम नव्हते यावर बोट ठेवलं: मूळ प्रयोगात इस्रायली लोकांना लष्करी सेवेची कल्पना करायला सांगितलं होतं, फेरप्रयोगात अमेरिकनांना मधुचंद्राची! प्रकल्पवाल्यांचं उत्तर असं, की याच आकड्यांतून आशावादी निष्कर्ष निघतो तसाच निराशावादीही, आणि अंतिम निकाल कुठलाच नाही. मला ते उत्तर टीकेपेक्षा प्रामाणिक वाटतं, पण बातमीत ३६च उरला.

दरम्यान उपाय रुजत होते: गृहीतक आणि विश्लेषणाची योजना आधीच नोंदवणं, डेटा खुला ठेवणं, आणि २०१३ पासून निकाल हाती येण्याआधीच निबंध स्वीकारणं. या शिस्तीने फेरप्रयोग जमतात, असं चार प्रयोगशाळांच्या निबंधाने २०२३ मध्ये मांडलं. २०१५ च्या प्रकल्पाचा सूत्रधारही त्याच्या लेखकांत होता. सप्टेंबर २०२४ मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. शीर्षकातल्या दाव्यामागचं विश्लेषण आधी नोंदवलेलंच नव्हतं, हे त्यामागचं एक कारण.