व्यवसाय आणि सामाजिक जबाबदारी एकत्र शिकायची आहे? बारावीनंतरचे प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

बारावीच्या वर्षातच, निकालाची वाट न पाहता, घरात बसून एक गोष्ट ठरवा. पदवीच्या नावात बीबीए किंवा बीएमएस (दोन्ही व्यवस्थापनाच्या पदव्या) हवंच आहे, की बीए, बीकॉमही चालेल? समाजाचं भान ठेवून व्यवसाय कसा चालवायचा, हे दोन्ही वाटांनी शिकता येतं. पण अर्ज कुठे करायचा, कधी करायचा आणि फीमाफी मिळणार का, हे सगळं या एका उत्तरावर अवलंबून आहे.

बीबीए, बीएमएस, बीबीएम आणि बीसीए हे अभ्यासक्रम 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले. तेव्हापासून त्यांच्यासाठी राज्य सीईटी कक्षाची प्रवेश परीक्षा आहे. शंभर प्रश्न, 90 मिनिटं, चुकलेल्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी, तर्कक्षमता, सामान्य ज्ञान आणि संगणकाची तोंडओळख एवढाच आवाका आहे. बारावी कोणत्याही शाखेची चालते. अडचण येते ती वेळेची, कारण सीईटीची नोंदणी साधारणपणे बारावीच्या निकालाआधीच होऊन जाते. निकाल हातात आल्यावर कॉलेजात चौकशीला गेलेल्या मुलांना उशीर झालेला असतो. परीक्षेनंतर कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीची वेगळी नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी आणि कॉलेजांचा पसंतीक्रम हे टप्पे येतात. नुसती सीईटी दिली म्हणजे कॅपचा अर्ज झाला असं नाही.

दुसरी वाट मला मनापासून जवळची वाटते. शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांत आहेत आणि साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ आहे. इथे बीए, बीकॉमला सीईटी लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय घेता येतो आणि खुला ऐच्छिक विषय तर दुसऱ्या विद्याशाखेतलाच घ्यावा लागतो. म्हणजे अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्रात बीए करणारी मुलगी व्यवस्थापनाचे विषय घेऊ शकते. त्यात क्षेत्रप्रकल्प, प्रत्यक्ष कामाचा अनुभव आणि समाजसहभाग यांनाही श्रेयांक आहेत. तीन वर्षांनी पदवी, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मात्र कोणते विषय प्रत्यक्षात शिकवले जातात, हे कॉलेजागणिक बदलतं. माहितीपत्रकावर विसंबू नका, विभागात जाऊन विचारा.

पुण्याकडच्या खासगी विद्यापीठांत लिबरल स्टडीजची, म्हणजे वेगवेगळ्या विद्याशाखांचे विषय एकत्र शिकवणारी स्वतंत्र पदवी मिळते. तिथे त्यांची स्वतःची परीक्षा, बहुतेक ठिकाणी निबंध आणि मुलाखत असते. ‘मला समाजासाठी काहीतरी करायचं आहे’ हे वाक्य निबंधात लिहू नका, ते सगळेच लिहितात. आपल्याकडे लिहिण्याजोगं किती आहे पाहा. कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक मर्यादेवरच्या, म्हणजे 500 कोटी नक्त मालमत्ता, 1000 कोटी उलाढाल किंवा 5 कोटी निव्वळ नफा यांपैकी एक तरी असलेल्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे असतात. पण आपले सहकारी साखर कारखाने सहकार कायद्याखाली नोंदलेले, त्यांना हे कलम लागू होत नाही. मग त्यांची जबाबदारी मोजायची कशाने? उसाची एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर, कायद्याप्रमाणे 14 दिवसांत दिली की ती संपली, की मुकादमामार्फत आलेल्या तोडणी कामगारांपर्यंतही पोहोचते? म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचं उदाहरणही हाताशी आहे, ती 1997 मध्ये उभी राहिली. आणि ज्या भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था उभारली, त्यांनी आधी ओगले काच कारखाना आणि किर्लोस्करांसाठी विक्रीचं काम केलं होतं. घरात ऊस, हळद, बेदाणा किंवा दूध असेल, तर त्या हिशेबातून सुरू झालेला एक प्रामाणिक परिच्छेद मुलाखतीतही टिकतो.

आता कागदपत्रं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि श्रेयांक जमा होणारा एबीसी क्रमांक हे सगळ्यांनाच लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र, दुसऱ्या बोर्डाची बारावी असेल तर मायग्रेशन. अधिवास दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार पोर्टलवरून काढा.

आरक्षणातून प्रवेश हवा असेल तर जात प्रमाणपत्र आणि जात वैधता. सर्वांत जास्त वेळ वैधतेला लागतो. वंशावळीत जुना पुरावा शोधावा लागतो: अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा. आजोबांच्या शाळेचा दाखला मिळवायला दोन-तीन गावं फिरावी लागतात, म्हणून अकरावीतच सुरुवात करा. नॉन-क्रिमीलेअरची, म्हणजे ओबीसी वगैरे प्रवर्गांतल्या उन्नत गटात नसल्याच्या दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, ती तारीख आधी बघा. माझ्या भाचीचं जात प्रमाणपत्र आणि वैधता तयार होती, पण नॉन-क्रिमीलेअर मार्चमध्येच संपलं होतं. पडताळणीच्या दिवशी ते लक्षात आलं आणि तिची राखीव जागा गेली.

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाख. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना याच मर्यादेत व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्थेच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला किंवा खासगी आणि अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर करायचा. पैसे आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा प्रवेशाच्या आधीच बँकेत जाऊन विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना, याची खात्री करून घ्या.