हार्ड डिस्कचे ऊर्जा-व्यवस्थापन (लिनक्स)

काम नसताना हार्ड डिस्कने किती लवकर विसावा घ्यावा, याची ठरून आलेली मांडणी लिनक्स प्रणालीतून बदलता येते. डिस्क साधारणपणे दोन टप्प्यांत विसावते : आधी वाचन-लेखन करणारी हेडे तबकड्यांवरून उचलून कडेच्या उतरत्या पट्टीवर ठेवली जातात आणि बऱ्याच वेळाने तबकड्यांचे फिरणेही थांबते. यात वीज वाचते, शिवाय धक्का बसल्यास तबकडीवर ओरखडा उमटण्याची भीती कमी होते. मात्र हेडांच्या प्रत्येक चढउतारीला यंत्रणा थोडी झिजतेच.

लॅपटॉपच्या अनेक डिस्कांची क्षमता उत्पादक ६ लाख चढउतारींची सांगतात. आकडा ऐसपैस वाटतो, पण दर अर्ध्या मिनिटाला हेडे उचलली गेली तर दिवसाला २,८८० चढउतारी होतात आणि अहोरात्र चालणाऱ्या यंत्रावर ही शिल्लक २०८ दिवसांत संपते. पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम थोड्याथोड्या वेळाने काहीबाही लिहीत राहिले, तर उचललेली हेडे लगेच परत यावी लागतात, त्यामुळे झीज होऊन बचतही नाममात्र उरते. २००७ मध्ये उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या वापरकर्त्यांत यावरूनच मोठी ओरड झाली. आतापर्यंतच्या चढउतारी डिस्क स्वतःच्या प्रकृतीविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींत बहुधा १९३ क्रमांकापुढे दिसतात. मांडणीला हात लावण्याआधी तासाभराच्या अंतराने हा आकडा दोनदा पाहावा, म्हणजे तो किती वेगाने वाढतो ते कळते.

बदलासाठी मार्क लॉर्ड यांनी लिहिलेली ‘एचडीपार्म’ ही आज्ञा रूढ आहे. तिच्या कॅपिटल ‘बी’ या पर्यायाला १ ते २५५ अंक देता येतात : १२७ पर्यंतचे अंक तबकड्या थांबवण्यास मुभा देतात, १२८ ते २५४ देत नाहीत आणि २५५ ने, डिस्कने मानल्यास, विसाव्याची ही सोय बंदच होते. हेडांची उठाबस थांबवण्यासाठी बहुतेक जण २५४ निवडतात. तबकड्या थांबण्याची वेळ कॅपिटल ‘एस’ने ठरते, पण तिचे गणित विचित्र आहे : २४० पर्यंतचा प्रत्येक अंक ५ सेकंदांचा, म्हणून १२० म्हणजे १० मिनिटे, २४१ म्हणजे मात्र एकदम अर्धा तास.

असे केलेले बदल अनेक डिस्का वीज जाताच विसरतात. म्हणून डेबियन (लिनक्सचाच आणखी एक प्रकार) व उबुंटूमध्ये ते ‘ईटीसी’ फोल्डरातील एचडीपार्मच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहून ठेवतात आणि लॅपटॉप झोपेतून उठल्यावर ते टिकले आहेत का, हे तपासून घेतात.