करदंट आणि नट पाय: सामान तेच, घट्ट होण्याची रीत वेगळी

गूळ, तूप किंवा लोणी, आणि ओंजळभर सुकामेवा. सामान इतकं सारखं की बेळगावात कुणाला नट पायची कृती विचारा, हमखास ऐकायला मिळतं, ‘त्यात काय एवढं, करदंटाचं सारण मैद्याच्या पारीत भरायचं आणि ओव्हनला लावायचं.’ नाताळ जवळ आला की हा सल्ला घरोघर फिरतो. त्याबरहुकूम केलेला पाय एकतर सुरी अडकेल इतका कडक होतो, नाहीतर कापल्याबरोबर ताटभर पाझरतो. मग ओव्हनला बोल लावला जातो. ओव्हन बिचारा निर्दोष असतो.

करदंट काय असतो हे गोकाकपासून निपाणीपर्यंत कुणाला सांगायला नको. तुपात फुलवलेला डिंक, सुकं खोबरं, खारीक, काजू, बदाम, खसखस आणि या सगळ्याला धरून ठेवणारा गुळाचा पाक. गोकाकचा सरस की अमीनगडचा, हा वाद इथे नको.

नट पाय मूळचा अमेरिकेच्या दक्षिण भागातला. तिथे त्यात पेकान घालतात, म्हणजे अक्रोडाच्याच कुळातलं फळ. मैद्याचं खुसखुशीत कवच, त्यात अंडी, साखर, लोणी आणि मक्याचं सिरप यांचं पातळ मिश्रण, आणि त्यावर तरंगून येणारे दाणे. पातळ हा शब्द महत्त्वाचा आहे. भट्टीत जाताना हे मिश्रण ओतता आलंच पाहिजे.

आता खरा फरक. करदंट पाकानं घट्ट होतो, पाय अंड्यानं.

गूळ उकळत ठेवला की त्यातलं पाणी उडत जातं आणि पाकाचं तापमान चढत जातं. समुद्रसपाटीवर साधारण ११२ ते ११६ अंशांना गोळीबंद पाक होतो. आणखी पुढे गेलात की चिक्कीचा कडक पाक. चुलीवरून उतरताना तो पातळच दिसतो, घट्ट होतो तो गार होताना. म्हणजे करदंटाचा निकाल कढईतच लागतो, थापल्यावर फक्त वाट पाहायची. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथे पाणी शंभराच्या दोन-अडीच अंश अलीकडेच उकळतं, म्हणून परदेशी पुस्तकातले पाकाचे आकडे इथे तेवढेच खाली धरावे लागतात. त्यापेक्षा वाटीभर पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का ते पाहणं केव्हाही जास्त भरवशाचं.

पायमध्ये यातलं काहीच घडत नाही. तिथे गूळ फक्त गोडी, रंग आणि दाटपणा देतो. घट्ट करतं ते अंडं. तापल्यावर अंड्यातली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि पातळ मिश्रण त्या जाळ्यात अडकून बसतं. आपल्याकडे याला जवळचा पदार्थ करदंट नव्हे, खरवस आहे. खरवसही पाकानं नव्हे तर चिकातल्या प्रथिनांनी बसतो. वेळेत उतरवला तर सुरीनं सुबक वडी पडते. जास्त वाफवला तर जाळी पडते आणि पाणी सुटतं. पायचं तंतोतंत तसंच. नुसतं अंडं सत्तरच्या आसपास घट्ट होतं, पण एवढा गूळ सोबत असला की त्याला जास्त उष्णता लागते. पायच्या मधोमध ९० ते ९३ अंश झाले की काम झालं. या आकड्यात बेळगावच्या उंचीनं फरक पडत नाही, कारण इथे पाणी उडवायचंच नसतं.

एवढं पटलं की बाकीचे घोटाळे आपोआप कळतात. गुळाचा आधी पाक करून तो अंड्यात घातला की भट्टीत त्याचं आणखी पाणी जातं आणि गार झाल्यावर कवचात चिक्की बसते. ‘कडेनं घट्ट झालाय, मधे हलतोय, अजून दहा मिनिटं ठेवू’ म्हणून ठेवला की मिश्रण फुगतं, चिरतं आणि पाणी सोडतं. ओव्हनमधून काढताना मधला वाटीएवढा भाग थरथरायलाच हवा. पाण्यासारखा डचमळत असेल तर मात्र परत आत. उरलेलं काम आतली उष्णता बाहेर आल्यावर करते. आणि गरम पाय कापायचा नाही, पाहुणे दारात असले तरी नाही. किमान तीन तास गार होऊ द्यायचा. मला तर सकाळी भाजून रात्री कापलेलाच आवडतो.

माझं प्रमाण असं, २३ सेंटिमीटरच्या डब्याला: १५० ग्रॅम चिरलेला गूळ, १५० ग्रॅम काकवी, ६० ग्रॅम लोणी, तीन अंडी, चिमूटभर मीठ, २०० ग्रॅम दाणे. गूळ, काकवी आणि लोणी मंद आचेवर फक्त विरघळवायचं. बुडबुडा आला की गॅस बंद. मग गाळायचं, कारण गुळात खडे आणि चिपाडं असतातच. बोट सोसेल इतकं कोमट झालं की फेटलेली अंडी घालायची. कढत मिश्रणात घातलीत तर अंड्याची भुर्जी होईल. आणि अंडी फेटायची म्हणजे फक्त एकजीव करायची, फेस काढायचा नाही.

काकवीबद्दल माझा हट्ट आहे. अमेरिकेत या पायसाठी ‘करो’ नावाचं मक्याचं सिरप वापरतात, ते १९०२ पासून बाजारात आहे. आपल्याकडे त्याच्या शोधात लोक नाहक पैसे घालवतात. त्या सिरपचं काम साखरेला रवा धरू न देणं, आणि ते काकवी उत्तम करते. हिवाळ्यात गुऱ्हाळं सुरू झाली की ताजी काकवी मिळते, आणि तिचा किंचित कडवट, खोल स्वाद त्या पांढऱ्या सिरपला सात जन्मांत येणार नाही. दूध मात्र घालू नका. गुळासोबत तापलं की नासतं.

पारीचं थोडक्यात. करंजीला कडकडीत मोहन लागतं, इथे उलट: लोणी फ्रीजमधलं, पाणी थंडगार, हात कमीत कमी. १८० ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम लोणी, तीन चमचे पाणी. डब्यात बसवून वर कागद आणि वजनाला कोरडा राजमा घालून १९० अंशांना पंधरा मिनिटं, मग राजमा काढून आणखी दहा मिनिटं. हे टाळलंत तर तळ कच्चा राहतो. मिश्रण ओतल्यावर १७० अंशांना साधारण ४० ते ४५ मिनिटं.

दाण्यांमध्ये नुसते काजू घालणं मला मान्य नाही. खानापूर-चंदगडचा काजू कितीही चांगला असला तरी तो गोड आणि मऊ, गुळात तो हरवून जातो. निम्मे अक्रोड हवेतच, त्यांचा तुरटपणा गोडाला आवर घालतो. अक्रोड महाग वाटत असतील तर भाजून सोललेले शेंगदाणे घ्या, पाय सुरेख होतो. दाणे कुठलेही असोत, आधी भाजून घ्या. खारीक, बेदाणे, टूटी-फ्रूटी यांतलं काही नको. डिंक तर अजिबात नको. फुललेला डिंक ओल्या मिश्रणात भिजून लिबलिबीत होतो. चिमूटभर जायफळ चालेल.

अंडं न खाणाऱ्या घरांचा प्रश्न रास्त आहे, आणि आपल्या भागात अशी घरं पुष्कळ. पण त्यावर या पायमधून नुसती अंडी वगळणं हा उपाय नाही. वगळली की घट्ट करणारंच कुणी उरत नाही. तेव्हा सरळ पाकाच्या वाटेनं जावं. स्वित्झर्लंडच्या एंगाडीन खोऱ्यात अक्रोडाचा असा एक टार्ट करतात: साखर तांबूस होईपर्यंत वितळवायची, त्यात साय घालायची, अक्रोड मिसळायचे आणि दोन पाऱ्यांमध्ये बंद करून भाजायचं. सारणात अंडं नसतं. इथे करदंट करणारा हात कामी येतो, पाक कुठे थांबवायचा हे त्याला ठाऊक असतं. पारीही नुसत्या लोण्या-मैद्याची केली की झालं. फक्त इथे गूळ घेऊ नका, साखरच घ्या. गुळानं साय फाटेल. आणि त्याला टार्ट म्हणा, म्हणजे खाणारा मऊसूत पायची अपेक्षा ठेवून बसणार नाही.

टिकण्याचा फरकही यातूनच येतो. पाकात पाणी फारसं उरलेलं नसतं, म्हणून करदंट डब्यात भरून पुण्याला मुलाकडे पाठवता येतो. अंड्याच्या पायमध्ये ओल असते. तो त्या दिवशी खावा, उरला तर झाकून फ्रीजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावा, आणि खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढून ठेवावा.