हात वर केल्यावर दबणारी शीर

गलगंड म्हणजे वाढलेली थायरॉइड ग्रंथी; नाव काढलं की गळ्यावरची फुगलेली गाठ आठवते. पण काही गलगंड वाढता वाढता छातीच्या मधल्या हाडामागे उतरतात. तिथली जागा फार अरुंद. पुढे हाड, मागे मणका, दोन्ही बाजूंना पहिली बरगडी. श्वासनलिका, अन्ननलिका आणि डोक्याकडचं, हातांकडचं रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरा याच वाटेने जातात. शिरेची भिंत पातळ आणि आतला दाब कमी, म्हणून ती सहज दबते.

१९४६ मध्ये ह्यू पेम्बर्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी याची एक साधी तपासणी सांगितली. दोन्ही हात सरळ वर करून दंड कानांना टेकवायचे. मिनिटभरात चेहरा लाल-निळसर पडला, तर रक्ताची परतीची वाट अडते आहे. अनेक वर्षं समज असा होता, की हात उचलले की गलगंडच त्या अरुंद जागेत घट्ट रुतून बसतो. २०१४ मध्ये एका रुग्णाचे हात खाली आणि हात वर अशा दोन्ही स्थितींतले एमआरआय प्रसिद्ध झाले. गलगंड जागचा हलला नव्हता. हलली होती ती कॉलरबोन, आणि अडकित्त्यात सुपारी धरावी तशी शीर तिच्या आणि गलगंडाच्या मध्ये सापडली होती.

म्हणूनच स्कॅनच्या वेळी हात कुठे होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मानेचा सीटी स्कॅन सहसा हात खाली ठेवून काढतात, छातीचा हात वर करून. एकात मोकळी दिसणारी शीर दुसऱ्यात चपटी दिसू शकते. हातांची स्थिती रिपोर्टमध्ये लिहिलेली असावी.

सोनोग्राफीच्या लहरी हाडापलीकडे पाहू शकत नाहीत. डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, मात्र अप्रत्यक्ष खूण मिळते: श्वासाबरोबर शिरेतल्या प्रवाहात होणारा चढउतार खाली अडथळा असला की मंदावतो. अडथळा नेमका दिसतो तो कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरा उठून दिसाव्यात म्हणून टोचायचं औषध, देऊन काढलेल्या सीटीत. हातातून दिलेलं औषध मुख्य वाट सोडून खांद्याच्या, छातीच्या बारीक शिरांतून वळसा घेतं आणि त्या एरवी न दिसणाऱ्या शिरा पांढऱ्याशुभ्र उमटतात.

पण या कॉन्ट्रास्टमध्ये भरपूर आयोडीन असतं. गाठाळ थायरॉइड ते मिळताच गरजेपेक्षा जास्त हार्मोन बनवू लागू शकते. त्यामुळे आधी टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय हे सांगणारी रक्ततपासणी, पाहिलेली बरी. एमआरआयमध्ये हा प्रश्न येत नाही.

गलगंड किती खोल गेला आहे, हेही सीटीतून कळतं. छातीत उतरला तरी बहुतेकदा त्याचा रक्तपुरवठा मानेतूनच येतो. त्यामुळे बऱ्याच रुग्णांमध्ये सर्जन तो मानेवरच्या छेदातूनच वर ओढून काढतात. छातीचं हाड कापावं लागतं ते थोड्यांचंच.