'दास बूट'ची पाणबुडी : खरे नेपथ्य आणि नंतर घडवलेला आवाज

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन पाणबुडीवरचा 'दास बूट' हा जर्मन चित्रपट 1981 मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हापासून त्याच्या खरेपणाचे कौतुक होत आले आहे. हा खरेपणा नेपथ्यात एका मार्गाने आला आणि ध्वनीत अगदी उलट मार्गाने, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

चित्रपटातील पाणबुडी ज्या श्रेणीची आहे, त्या श्रेणीची लांबी सुमारे 67 मीटर होती आणि तेवढ्यात 45-50 माणसे राहत असत. म्युनिकजवळच्या स्टुडिओत तिचा अंतर्भाग पूर्ण आकारात उभारून हायड्रॉलिक यंत्रणेवर बसवला होता. तो 45 अंशांपर्यंत कलत असे आणि डेप्थ चार्जच्या (पाणबुडीवर टाकल्या जाणाऱ्या, पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बच्या) दृश्यांत गदागदा हलवला जाई. चित्रीकरणाच्या सोयीसाठी भिंती काढायच्या नाहीत, असे ठरल्यामुळे छायाचित्रकाराला जायरोस्कोपने (वेगाने फिरणाऱ्या चक्रामुळे तोल राखणाऱ्या यंत्राने) स्थिर ठेवलेला छोटा कॅमेरा हातात धरून, डोक्याला हेल्मेट आणि अंगाला गाद्या बांधून, गोल दारांतून नटांच्या मागे धावावे लागले. पाणबुडी सूर मारताना पुढच्या भागात वजन वाढावे म्हणून खलाशी ज्या धांदलीने नाकाकडे पळतात, ती धांदल म्हणूनच अभिनय वाटत नाही.

वाद आहे तो ध्वनीचा. हा कॅमेरा इतका आवाज करी की सेटवरचे संवाद वापरण्याजोगे राहत नसत. परिणामी जवळपास सगळे संवाद नंतर स्टुडिओत डब झाले, आणि इंग्रजी आवृत्तीसाठीही बऱ्याच नटांनी स्वतःच आवाज दिला. म्हणजे डिझेल इंजिनांची धडधड, सोनारचा (ध्वनिलहरींनी पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राचा) टणत्कार, 280 मीटर खोलीवर पृष्ठभागाच्या सुमारे एकोणतीस पट दाबाखाली करकरणारे पोलाद आणि उडणारे बोल्ट, हे सारे रचलेले आहे. जागेवरच्या ध्वनिमुद्रणालाच प्रामाणिक मानणाऱ्यांना ही तडजोड वाटते. प्रस्तुत लेखकाला ती तशी वाटत नाही: पाण्याखाली शत्रू दिसतच नाही, तो फक्त ऐकू येतो, आणि विनाशिकेच्या पंख्यांचा आवाज डोक्यावरून सरकताना माना वर करून स्तब्ध झालेले चेहरे दाखवायचे, तर प्रत्येक आवाज सुटा हाती असणे आवश्यकच होते.

खरा गुंता पुढे झाला. 1985 मध्ये जर्मन दूरचित्रवाणीवर याच चित्रीकरणातून मालिका आली, आणि 1997 मध्ये दिग्दर्शकाने सुमारे साडेतीन तासांची आवृत्ती काढताना ध्वनी बहुवाहिनी डिजिटल पद्धतीने नव्याने उभारला. डेप्थ चार्जचे स्फोट आता प्रेक्षागृहाच्या चारही बाजूंनी येऊ लागले. ही सुधारणा म्हणायची की जुन्या कृतीवर नवे तंत्र चढवणे, यावर अजून एकमत नाही. आज बहुतेक प्रेक्षक वाखाणतात तो 1997 चा ध्वनी. ऑस्करची ध्वनीसाठीची दोन नामांकने मात्र आधीच्या ध्वनिपट्टीला मिळाली होती. एकूण सहा नामांकनांत कलादिग्दर्शनाचे नव्हते, ही त्या वर्षीच्या निवडीतील ठळक उणीव होय.