"कोमट" या शब्दामागची पार्श्वभूमी

बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण 3:15-16 मध्ये, प्रभू लावदिकीया (आजच्या तुर्कीतलं एक जुनं शहर) इथल्या मंडळीला म्हणतो की तू शीत नाहीस, उष्ण नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला ओकून टाकणार. यावर जुने पाळक संदेश द्यायचे तो सरळ असायचा, उष्ण म्हणजे आवेशी, शीत म्हणजे विश्वास नसलेला आणि कोमट म्हणजे रविवारपुरता ख्रिस्ती. पण मग प्रभू "शीत असतास तर बरं" असं का म्हणतो, हा प्रश्न तसाच राहायचा.

1904 मध्ये एका स्कॉटिश अभ्यासकाचं प्रकटीकरणातल्या सात मंडळ्यांच्या पत्रांवरचं पुस्तक आलं आणि लावदिकीयाच्या पत्रातलं सोनं, वस्त्रं, अंजन हे त्या गावच्या सावकारीशी, काळ्या लोकरीशी आणि वैद्यकाशी जोडून सांगायची पद्धत रुजली. पाण्याचं मात्र खरं 1957 च्या एका लेखापासून सुरू झालं. शेजारच्या हेरापली गावाला (आजचं पामुक्कले) औषधी गरम झरे, तिथल्याच कलस्सैला गार पाणी, आणि लावदिकीयाला नळातून येता येता कोमट झालेलं, म्हणजे गरम पण कामाचं, गार पण कामाचं, मधलंच निरुपयोगी. उपदेशकांना हे इतकं आवडलं की आता स्टडी बायबलपासून यूट्यूबपर्यंत सगळीकडे हेच, आणि बरेच जण तर पाणी हेरापलीहूनच यायचं असं ठोकून सांगतात.

इथंच गडबड आहे. हेरापली उत्तरेला, दरीच्या पलीकडे सुमारे 10 किलोमीटरवर, आणि लावदिकीयाचा जलमार्ग यायचा दक्षिणेकडच्या झऱ्यांवरून. तिथले दगडी पाइप आजही दिसतात, आत क्षारांचा जाड थर बसलेला. पण रोमन काळातला एक ग्रीक भूगोलकार लिहितो की तिथलं पाणी दगड बनवणारं असलं तरी पिण्याजोगं आहे. 2003 मध्ये या सगळ्यावर आक्षेप घेणारा लेख आला, त्यात म्हटलंय की चित्र गावच्या नळाचं नसून जेवणाच्या पंगतीचं आहे, जिथं द्राक्षारस गरम किंवा गार करून द्यायचे. मला हे जास्त पटतं. आणि बघा, "शीत" ही शिवी नाही हा मुद्दा दोन्हीकडे टिकतो, पडते ती फक्त नळाची गोष्ट, आणि पुलपिटवरून नेमकी तीच सगळ्यात रंगवून सांगितली जाते.

मराठीत अजून एक अडचण आहे जी इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे कोमट पाणी चांगलं असतं! घसा बसला की मीठ घालून गुळण्या, बाळंतिणीला प्यायला, सकाळी उठल्यावर एक ग्लास. एकदा संदेश संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका आजींनी मला अगदी मनापासून विचारलं होतं, "कोमट पाण्यानं प्रभूला ओकारी का यावी?" तेव्हा मी त्यांना पाइपांची गोष्ट सांगितली होती.